पुलापुरतं लाकूड

पूल बांधायचा, एवढंच ठरलं होतं. तोही खरा नाही, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा. एका बेटावर मी, समोरच्या बेटावर माझी ताई आणि मध्ये निळं पाणी. माझ्या बेटावर झाडं, तिच्या बेटावर लोखंडाची खाण. मी फळ्या द्यायच्या, तिनं खिळे द्यायचे आणि दोघींनी मिळून पूल उभा करायचा. ताईच्या मुलानं दोन्ही घरी हा खेळ बसवून दिला तेव्हा तो म्हणाला होता, "मावशी, आठवडाभरात होऊन जाईल." त्याला आता वर्ष उलटलं. माझा भाचा हुशार आहे, पण त्यानं मावशीची नोकरी लक्षात घेतली नव्हती.

मी पाणीपुरवठा खात्यात भांडारपाल आहे. नळाच्या तोट्या, वॉशर, पाइपांचे सांधे, झाडू, शाई, फिनाइल असं सगळं माझ्या ताब्यात असतं. लोकांना वाटतं, भांडारपालाचं काम वस्तू देणं. चुकीची समजूत आहे. वस्तू कोणीही देईल. भांडारपाल न देण्यासाठी नेमलेला असतो. मागायला आलेल्या माणसाकडे मी चष्म्यावरून बघते आणि विचारते, "कशाला हवंय?" निम्मे लोक तिथेच परत फिरतात, म्हणजे त्यांना खरी गरज नव्हतीच. उरलेल्यांना मी "साहेबांची सही आणा" म्हणते. तेवढ्यात बऱ्याचदा त्यांचा नळ आपोआप गळायचा थांबतो.

तर अशा बाईच्या हातात भाच्यानं एक अख्खं जंगल दिलं.

ताई माझ्याहून मोठी. ती मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाल्यावर मुलाकडे राहायला गेली, ते गाव इथून लांब. आमचं फोनवरचं बोलणं तीन वाक्यांत संपायचं. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" "बरी आहे." मग दोघी फोन धरून बसायचो आणि कोणीतरी "चल, ठेवते" म्हणायचं. खेळ सुरू झाला तसं चित्र पालटलं. रोज संध्याकाळी कानाला हेडफोन लावून आम्ही तास-दीड तास भांडू लागलो. "बेबी, ते झाड मुळापासून तोड गं, अर्धवट काय सोडतेस!" पन्नाशी ओलांडलेल्या बाईला बेबी म्हणणारं आता जगात एवढं एकच माणूस उरलंय. दिवसभर साहेबांची बोलणी खाऊनसुद्धा मी घरी हसतमुख येऊ लागले. आमचे हे म्हणायचे, "काय बेटावर जायची घाई दिसतेय."

सुरुवातीला मी खरोखरच पुलासाठी फळ्या करत होते. पहिला गठ्ठा तयार झाला आणि तो ताईकडे पाठवायची वेळ आली, तेव्हा हात अडखळला. किती सुंदर रचल्या होत्या त्या फळ्या! सगळ्या सारख्या, कडा जुळलेल्या. म्हटलं, आणखी थोड्या होऊ देत. एकदम देऊ. न जाणो, पुढे मोठं वादळ आलं आणि घर दुरुस्तीला लाकूड लागलं तर? ताईला सांगितलं, "लाकूड अजून ओलं आहे."

त्या दिवशी बेटावर पाऊस पडला आणि उघड्यावरच्या दोन फळ्या कुजल्या. माझा जीव कासावीस झाला. सरकारी माल असा कुजू देत नाहीत. मी ताबडतोब कोठार बांधायला काढलं. कोठाराला लागतात फळ्या. सगळा गठ्ठा त्यात गेला. कोठार छान झालं, पण आत ठेवायला काही नव्हतं. मग पुन्हा झाडं तोडली, फळ्या केल्या, कोठार भरलं, तेव्हा उंदीर आले. या खेळात उंदीर लाकूड कुरतडतात. उंदरांसाठी मांजर ठेवावं लागतं. मांजराला मासे लागतात. माशांसाठी होडी लागते आणि होडी कशाची करतात हे सांगायला नकोच. होडी झाली तशी पावसात भिजू लागली, म्हणून होडीला शेड केली. शेडमध्ये थोडी जागा उरली होती, तिथे फळ्या ठेवल्या, तर तिथेही उंदीर. दुसरं मांजर आणलं. दोन्ही मांजरांचं आपसात पटेना.

मी हे सगळं मोठ्या निष्ठेनं करत होते, हे वाचकांनी लक्षात घ्यावं. करमणूक म्हणून खेळणारी माणसं वेगळी.

या काळात सल्ला द्यायला वरच्या मजल्यावरचे अभियंता येऊ लागले. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत आणि आमच्याकडे चहाला येण्याचं काम त्यांनी हाती घेतलंय. कॉम्प्युटरवरचा खेळ त्यांनी जन्मात खेळलेला नाही, त्यामुळे त्यांची मतं ठाम असतात. माझ्या खुर्चीमागे उभं राहून, बशीत चहा ओतत ते म्हणाले, "वहिनी, पूल बांधताय ना? मग एक सांगून ठेवतो. पूल झाला की संपलं."

"म्हणजे?"

"म्हणजे खेळ संपला. पूल बांधायचा हाच प्रकल्प आहे ना? तो पूर्ण झाला की अभिनंदन, फीत कापा आणि घरी जा. आयुष्यभर पूल बांधलेत मी. काम चालू असतं तोवर माणसांची वर्दळ. उद्घाटन झालं की त्या जागी परत कोणी फिरकत नाही."

आमच्या ह्यांनी मान डोलावली. मी ते ताईला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. "असं म्हणाले का ते?" एवढंच म्हणाली आणि लगेच आठवण झाल्यासारखं म्हणाली, "बरं का बेबी, खाणीत पाणी शिरलंय. खिळ्यांना जरा उशीर होईल."

मला मनातल्या मनात बरं वाटलं. उशीर आता माझ्या एकटीमुळे नव्हता. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळपासून मी फळ्या नुसत्या सवयीनं अडवत नव्हते, मुद्दाम अडवत होते. पूल झाला असता तर पुन्हा ती तीन वाक्यं आणि "चल, ठेवते" हेच नशिबी होतं. पण ताईला हे कसं सांगणार? आमच्या घरात असलं बोलायची पद्धत नाही. त्यापेक्षा लाकूड ओलं आहे म्हणणं सोपं.

पुढे माझ्या बेटावर कोठारांची एवढी गर्दी झाली की झाडं उगवायला जागा राहीना. नवं कोठार बांधायला गेले तर पडद्यावर पाटी आली : "या बेटावर आणखी कोठार बांधता येणार नाही. अधिक माहितीसाठी साहाय्य केंद्राशी संपर्क साधा." कार्यालयाशी कसं बोलायचं हे मला कोणी शिकवायला नको. मी रीतसर अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, सर्व काही. उत्तर लगेच आलं.

"प्रिय छोट्या मैत्रिणी! तुझं पत्र खूप आवडलं. हा बदल करण्यासाठी मोठ्या माणसाची परवानगी लागते. आई-बाबांना विचारशील ना?"

झालं असं होतं, की खातं उघडताना खेळानं जन्मसाल विचारलं. बाईमाणसाचं वय कशाला हवंय यांना, असं म्हणून मी त्या चौकटीला हात लावला नाही आणि जे साल समोर दिसत होतं तेच राहू दिलं. त्या हिशोबानं मी नऊ वर्षांची ठरत होते. मी पुन्हा लिहिलं, की मी नऊ वर्षांची नसून शासकीय सेवेत आहे, माझ्या हाताखाली दोन शिपाई आहेत आणि लवकरच माझी पदोन्नती व्हायची आहे. उत्तर आलं, "तुझी कल्पनाशक्ती फारच छान आहे!" सोबत उड्या मारणारा ससा.

 मी कार्यालयाचं ओळखपत्र स्कॅन करून पाठवलं. त्यावरचा फोटो कडक आहे, भलेभले वचकतात. उत्तर आलं, "मोठ्यांची कागदपत्रं त्यांना न विचारता वापरू नयेत हं. यावेळी आम्ही कोणाला सांगणार नाही." मी खुर्चीत मागे रेलून बसले. इतकी वर्षं मी समोरच्या माणसाला सहीसाठी फिरवत आले, पण त्याच्याशी इतक्या गोड आवाजात कधी बोलले नव्हते. आपल्याला अजून शिकायला वाव आहे, असं प्रथमच वाटलं.

"मी देतो ना परवानगी," आमचे हे म्हणाले. पण अर्जात नात्यांची जागा होती तिथे आई, वडील, शिक्षक किंवा मोठं भावंड एवढेच पर्याय. नऊ वर्षांच्या मुलीला नवरा असेल, हे त्यांनी धरलं नव्हतं आणि त्यात त्यांची चूक नाही. आई-वडील कधीच गेले. उरली ताई. कोठाराचा विषय न काढता मी तिला नुसतं पालक म्हणून सही करायला सांगितलं.

ताईला इतका आनंद झाला की विचारू नका. तिनं सही केली, तिचं नाव पडद्यावर माझ्या नावाच्या वर आलं आणि पुढे "पालक" असं लिहिलं गेलं. "बेबी, पाठ ताठ करून बस," हे तिचं पहिलं फर्मान. "मला दिसत नसलं तरी कळतं." मग आठवड्यातून एक दिवस खेळाला सुट्टी. मग डोळ्यांना विश्रांती. मी कोठारासाठी हे सगळं सोसत होते. शिवाय कोणीतरी आपल्यावर पुन्हा डाफरतंय, याचं थोडं सुखही होतं, पण ते सोडा.

मला एकच गोष्ट कोणी सांगितली नव्हती. पालकाला मुलाचा सगळा साठा बघता येतो.

"बेबी," दोन दिवसांनी ताईनं अगदी शांत आवाजात विचारलं. शाळेत तिचा हा आवाज ऐकून वर्गच्या वर्ग गप्प व्हायचे. "पुलाला फळ्या कमी पडतायत ना?"

"हो ना गं. यंदा झाडंच खुरटी आहेत."

"अस्सं. मग ही सगळी कोठारं कशानं भरली आहेत? माझ्यासमोर यादी दिसतेय. एवढ्या फळ्यांत इकडून तिकडे अख्खा पूल होईल."

 चोरी पकडल्यासारखं झालं. खरं कारण सांगायची हीच वेळ होती. पण ऐन वेळी माझ्यातला भांडारपाल जागा झाला आणि म्हणाला, "तो राखीव साठा आहे."

"राखीव? कोणासाठी?"

"अडीअडचणीला लागेल म्हणून."

"मी रोज संध्याकाळी माझ्या किनाऱ्यावर येऊन उभी राहते," ताई म्हणाली. "घरात दिवसभर कोणी नसतं. मुलगा आणि सून दोघं कामावर. मी घड्याळ बघत बसते, की कधी एकदा बेबी ऑफिसातून येते. आणि तू म्हणतेस, लाकूड ओलं आहे. तुला पूल नकोच आहे ना? तसं सांग की. मी उगीच तुझ्या मागे लागले."

"ताई, तसं नाही गं…"

पडदा काळा झाला. त्यावर हसऱ्या सशाचं चित्र आलं आणि खाली लिहिलं होतं, "आजची तुझी वेळ संपली. तुझ्या पालकांशी बोल."

दुसऱ्या दिवशीही ससा. तिसऱ्या दिवशीही ससा. मी फोन केला तर तिनं उचलला आणि "बरी आहे" म्हणून ठेवला. तीन वाक्यांतलं एकच वाक्य उरलं होतं. घरात संध्याकाळ एवढी मोठी असते हे मी विसरून गेले होते. मी कपाट आवरलं, आवरलेलं पुन्हा आवरलं, ह्यांना कशावरून तरी बोलले. अभियंता आले. सगळं ऐकून म्हणाले, "वहिनी, तुम्ही लेखी खुलासा द्या." ह्यांनी चहाचा कप त्यांच्या हातातून काढून घेतला, मला वाटतं आमच्या संसारात ह्यांनी इतकं धाडस पहिल्यांदाच केलं.

मग मला म्हणाले, "तू तिला फळ्या देऊन टाक ना."

"अहो, पण सगळ्या दिल्या आणि पूल झाला, तर?"

"झाला तर झाला. आत्ता पूलही नाही आणि ताईही नाहीत. हे बरंय का?"

मी उत्तर दिलं नाही. ह्यांचं म्हणणं पटलं की मी उत्तर देत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

त्यानंतरच्या संध्याकाळी सहज बघावं म्हणून कॉम्प्युटर लावला, तर ससा नव्हता. ताईनं वेळ मोकळी करून दिली होती, पण ती स्वतः खेळात आलेली नव्हती. समोरचा किनारा रिकामा होता. तिथे कोणी उभं नाही, हे बघून मला भरून आलं. मी कोठाराचं दार उघडलं. कोणी मागणीपत्र दिलं नव्हतं, कोणाची सही नव्हती, कोणी मागितलंसुद्धा नव्हतं. मी फळ्या बाहेर काढायला लागले. पहिलं कोठार रिकामं करताना मला त्रास झाला. दुसऱ्याला कमी झाला. पुढे पुढे तर मी कोठारंच मोडून त्यांच्या फळ्या नेऊ लागले. मांजरं गोंधळून किनाऱ्यावर येऊन बसली. फळीला फळी लावत मी पाण्यावरून पुढे सरकत होते आणि अंधार पडायच्या आत ताईच्या बेटाला टेकलेही. खिळ्यांवाचून सगळ्या फळ्या डुगडुगत होत्या. पडद्यावर लाल अक्षरात येत होतं, "खिळे ठोका."

तोल सांभाळत मी पलीकडे उतरले. वर्षभरात ताईच्या बेटावर मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. म्हटलं, खाणीतलं पाणी ओसरलं असेल तर चार खिळे आपणच काढावेत. खाण कोरडी ठणठणीत होती. पाणी शिरल्याची खूणसुद्धा नव्हती. खाणीच्या मागे गेले, तर दगडी कोठारांची रांग. लाकूड मिळत नव्हतं म्हणून तिनं दगडाची बांधली होती. एकाचं दार ढकललं. खिळे. दुसऱ्याचं ढकललं. खिळे. सगळी कोठारं वरपर्यंत नुसत्या खिळ्यांनी भरलेली आणि काय सांगू, आकारानुसार वेगवेगळे लावून ठेवलेले! माझ्या भांडारातसुद्धा एवढी शिस्त नाही.

मी फोन लावला. "ताई, मी तुझ्या बेटावर आहे."

"बेटावर कुठे?" तिनं विचारलं.

"खाणीमागे उभी आहे," मी म्हटलं.

"गंजू नयेत म्हणून आत ठेवले होते," ताई म्हणाली.

"ताई!"

"काय ताई ताई लावलंय? त्या तुझ्या अभियंत्यानं सांगितलं ना, पूल झाला की खेळ संपतो. मग मी संध्याकाळी काय करू? तू फोनवर काय बोलतेस ते मला माहितेय. बरी आहेस ना, बरी आहे, ठेवते. मला वाटलं, तू फळ्या पाठवशील तेव्हा पाठवशील, आपण खिळे हळूहळू काढू. पण तुझी ती यादी बघितली आणि राग आला. मला एक दिवस जास्त मिळावा म्हणून मी लपवतेय, आणि ही बया लाकडाच्या मोहापायी लपवतेय!"

"मीसुद्धा त्याचसाठी लपवत होते गं," मी म्हटलं.  "आधी लाकडासाठी, पण नंतर त्याचसाठी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललीस?"

 मग ताईनं नाक ओढलं आणि मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाली, "हेडफोन लाव. येते मी."

ती आली. तिनं एका बाजूनं ठोकायला घेतलं, मी दुसऱ्या बाजूनं. आम्ही मुद्दाम सावकाश ठोकत होतो. मध्येच ती सुनेच्या आवाजाची नक्कल करायची, मी साहेबांची. लहानपणी आम्ही गच्चीवर पडून उगाच हसायचो, तसं हसू येत होतं. ठोकत ठोकत दोघी पुलाच्या मधोमध आलो. एकच खिळा उरला.

"तू ठोक," ताई म्हणाली.

"तू मोठी आहेस, तू ठोक."

"जे व्हायचं ते होईल," असं म्हणून तिनं ठोकला. मी डोळे मिटून घेतले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग वाजंत्री वाजली. डोळे उघडले तर पडदाभर रंगीत फुगे आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं :

"शाब्बास! सरावाचा पहिला धडा पूर्ण झाला. आता खऱ्या खेळाला सुरुवात करूया. तुमच्याजवळचं सगळं सामान तुमच्यासोबत येईल." खाली हिरवं बटण, "पुढे."

वर्षभर आम्ही दोघी सरावाच्या पहिल्या धड्यात बसलो होतो. मी हसत हसत माऊस बटणाकडे नेला.

"बेबी, थांब!" हेडफोनमध्ये ताई ओरडली. "दाबू नकोस!"

"का गं? आता काय झालं?"

"अगं, पुढे काय लागेल, काय नाही, काही ठाऊक आहे का आपल्याला? नव्या जागी असं रिकाम्या हातांनी जातात का? मी खाणीत जाते. तू झाडं तोडायला घे."